व्हिस्कीचं सार

सार म्हटलं की त्याला तुपाची फोडणी आलीच. आमच्या साताऱ्याकडं, औंधाजवळच्या माझ्या माहेरी, चिंचेचं करा नाहीतर आमसुलाचं, जिरं तडतडल्याशिवाय सार चुलीवरून उतरत नसे. आता ह्यात माझं काय चुकलं, सांगा!

आमचे हे पलटणीत, साहेबलोकांच्या मेसमध्ये दारू द्यायच्या कामावर होते. स्वतः थेंब घेत नसत. पण व्हिस्की, लिंबू, साखर आणि अंड्यातलं पांढरं असं काही घुसळायचे, की गोरे साहेब म्हणे दुसऱ्याच्या हातचं घेत नसत. त्या पेयाला हे 'सार' म्हणायचे. इंग्रजीत आंबटाला 'सावर' म्हणतात, त्याचं ह्यांच्या तोंडी 'सार' झालं, हे मला कुणी सांगितलं होतं? जुन्या काळी खलाशांच्या हिरड्या सडायच्या, त्यावर लिंबू हे औषध. नुसतं लिंबू घशाखाली उतरेना, म्हणून त्यात दारू आणि साखर आली. फेसासाठी अंडं मागाहून कुणीतरी घातलं. मी भाकऱ्या थापत असले की हे सगळं ऐकवत बसायचे. मी म्हणायची, "आवं, फेस खाऊन प्वाट भरतंय व्हय?"

पलटण सुटली, सांगलीत दोन खोल्या घेतल्या आणि कामासाठी वणवण सुरू झाली. साठ सालानंतरचे ते दिवस. दारूबंदीच्या राज्यात ह्यांची कला विचारतो कोण! शेवटी एका कारखान्याच्या गेस्टहाऊसचे मॅनेजर घरी यायला कबूल झाले. तिथं परवानेवाले पाहुणे उतरत. परवाना ह्या मॅनेजर साहेबांकडंही होता. बाटली ते आणणार, ह्यांनी करून दाखवायचं, आवडलं तर नोकरी पक्की. ह्यांना चार दिवस घास गोड लागला नाही. बूट तीनदा पॉलिश केले.

"साराचं तेवढं तयार ठेव, लिंबू आन साखर. म्या बर्फ घिऊन येतो," म्हणाले आणि सायकल काढली.

मी जीव ओतून केलं हो! लिंबाचा रस, साखरेचा पाक, वर तूप-जिऱ्याची फोडणी, चिमूटभर हिंग. साहेबांच्या दातात जिरं अडकायला नको म्हणून गाळूनसुद्धा ठेवलं.

हे आले ते साहेबांना घेऊनच. घाईघाईत व्हिस्की, अंड्यातलं पांढरं, बर्फ आणि माझं सार पितळी डब्यात ओतलं, झाकण दाबून दणादणा हलवलं, ग्लास भरून साहेबांच्या हातात दिला. बर्फानं तूप थिजलं होतं. त्याचे कण फेसावर तरंगत होते. एका घोटात साहेबांना ठसका लागला.

"हे काय रे? आमटी?"

मी दाराआड उभी होते. ह्यांनी डबा हुंगला, एकदा माझ्याकडं बघितलं. सगळं कळलं त्यांना. मग टाचा जुळवून म्हणाले, "साहेब, आमच्या मेसात असंच करत व्हते."

"कसली मेस? भांडी घासत असशील तिथं!" साहेब हसत सुटले. बाटली पिशवीत घालून निघूनही गेले.

'फोडणी माझी हाय, साहेब,' एवढंच मला बोलायचं होतं. परक्या पुरुषासमोर यायची रीत नव्हती, म्हणून तोंड शिवून उभी राहिले. आग लागो त्या रीतीला!

ह्यांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर जीव तरी हलका झाला असता. पुढं हळदीच्या वखारीत पोती शिवायला लागले. आणि पलटणीत काय करत होता, असं कुणी विचारलं, की मान खाली घालून सांगायचे, "भांडी घासत व्हतो."