लुंगीचा आहेर

आमच्या ह्यांना इस्त्रीच्या पँटचं भारी वेड. शिरोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर, दिवसभर लोखंडाच्या धुळीत वावर, पण सकाळी घरातून निघताना पँटची घडी अशी की बोट लावलं तर कापावं. घरात पायजमा. बेल वाजली की तोही बदलून पँट. "अहो, दूधवाला आलाय, मुख्यमंत्री न्हाय," असं मी किती वेळा म्हटलं, पण ऐकतील तर शपथ.

आणि माझे अप्पा जन्मभर लुंगीवाले. माझं माहेर निपाणीच्या अलीकडं, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. अप्पांचं भुसार मालाचं दुकान. कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा, खाली पांढरी लुंगी. शेतात लुंगी, बँकेत लुंगी, माझ्या लग्नातही लुंगीच, फक्त काठाची. घाईनं चालायचं असलं की वाकून टोकं उचलायची, गुडघ्यावर दुमडून कंबरेला खोचायची आणि समोरून कुणी मोठं माणूस आलं की पटकन सोडायची. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या माणसाला नमस्कार करायची हीच रीत असते.

लग्नानंतर चार वर्षांनी आम्ही कोल्हापुरात घर बांधलं. वास्तुशांतीला कारखान्यातले साहेब येणार म्हणून ह्यांच्या अंगात आलेलं. म्हणाले, "मामांना सांग, तेवढं पँट घालून या म्हणावं." मी भांडले का? नाही. मूग गिळून कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवर गेले आणि माझ्याच तोंडानं माझ्याच बापाला सांगितलं. अप्पा एवढंच म्हणाले, "बरं."

लग्नात व्याह्यांकडून आलेला राखाडी पँटपीस त्यांच्या ट्रंकेत तसाच होता. तो शिवून, घालून आले. गच्चीवर पंगत बसली. अप्पा खाली बसायला गेले आणि निम्म्यातूनच उठले. पँट मांड्यांत आवळलेली, मांडी घालता येईना. शेवटी त्यांना खुर्ची दिली आणि सगळी पंगत खाली बसलेली असताना माझा बाप एकटा खुर्चीवर, ताट मांडीवर धरून जेवला. उठताना सवयीनं हात खाली गेला टोकं उचलायला. उचलायला होतं काय? "जेवण झकास झालंय," असं मात्र तीनदा म्हणाले. मी वाढत होते. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, आजही वाटते.

पुढं सहा-सात वर्षांनी ह्यांची मोटारसायकल हायवेवर खडीवरून घसरली. नडगीचे तीन तुकडे. डॉक्टरांनी हाडात स्क्रू घातले आणि पायाच्या बाहेरून लोखंडी सळया बसवल्या. घरी आणलं तेव्हा कंबरेला चादर. पँट चढायचा प्रश्नच नव्हता. मी एका पायजम्याची शिवण उसवून नाड्या लावल्या, तर तो सळयांत अडकून ह्यांनी अशी किंकाळी फोडली की शेजारीण धावत आली.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "कुबड्या घेऊन रोज बाहेर चालायचं. गुडघा हलता ठेवायचा. एकदा धरला की मांडी घालणं विसरा, गाडीची किकही विसरा." आमचं घर दोन खोल्यांचं, आत चालून चालून किती चालणार? मी म्हटलं, लुंगी आणते. तर हे भडकले. "लुंगी नेसून कॉलनीतनं फिरू? त्यापरास पाय तोडा माझा!"

दीड महिना गेला. तपासणीला डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला. वाकेना. त्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. पायावर उभी ज्याची नोकरी, त्याच्या बायकोनं त्या मान हलवण्याचा काय अर्थ घ्यायचा? मी रिक्षात रडले. हे दुसरीकडं तोंड करून बसले.

त्या वर्षी अधिक श्रावण पडला होता. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा मान. सासुरवाडीनं बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आहेर करायचा. जावई जाऊ शकत नाही म्हटल्यावर अप्पाच एसटीनं आले. आईनं केलेल्या धोंड्यांचा डबा आणि आहेराचं ताट. ह्यांना कुंकू लावलं, ताट पुढं केलं. मी वाकून बघितलं. दर अधिकात पँटपीस असायचा. ह्या खेपेला चार पांढऱ्या लुंग्या.

"कोऱ्या कापडाची खळ टोचती," अप्पा म्हणाले. "म्हणून दोनदा धुऊन आणल्यात."

ह्यांचा चेहरा लालबुंद. "जावयाला लुंगीचा आहेर? वास्तुशांतीचा सूड उगवताय व्हय, मामा?"

अप्पांनी "शिवा शिवा" म्हटलं आणि ताट टीपॉयवर ठेवलं. म्हणजे ह्यांना ते आठवत होतं तर! इतकी वर्षं मला वाटायचं, ह्यांच्या गावीही नाही. अप्पा चहा न घेताच स्टँडवर गेले. संध्याकाळी मी ह्यांना जेवण वाढलं, पण एक शब्द बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी चारला बेल वाजली. दारात अप्पा. अंगात तीच राखाडी पँट! तेव्हा आवळणारी पँट आता कंबरेला सुतळीनं बांधलेली, खाली घोळ लोंबतोय, घोट्यावर दोन घड्या. माझा बाप इतका वाळलाय हे मला त्या पँटनं दाखवलं. ती घालून ते गावातून, पेठेतून, स्टँडपर्यंत चालत गेले होते. गाव काय काय बोललं असेल, देव जाणे.

सरळ पलंगापाशी गेले. "जावईबापू, उठा. आता माझ्यापुढं तुमच्याकडं कोण बघतंय?"

हे बघतच राहिले. हसले नाहीत. सुतळीकडं बघितलं, घड्यांकडं बघितलं. मग मला म्हणाले, "आण ती लुंगी."

नेसता येतीय कुणाला! अप्पाच पुढं झाले. सळयांना धक्का न लावता कापड मागून फिरवलं. हे पोट आत ओढून उभे, तर म्हणाले, "श्वास सोडा. पोट आत घेऊन नेसलं की बसताना सुटतंय." गाठ नाही, नुसता पीळ देऊन खोचली. "आता पळालासा तरी सुटणार न्हाय."

पळतंय कोण! कोपऱ्यावर संध्याकाळी म्हशी आणून दूध काढून देणारा कट्टा आहे, तिथपर्यंत जायला त्या दिवशी अर्धा तास लागला. पुढं पँट सावरत अप्पा, मागं कुबड्यांवर हे, त्यांच्या मागं जीव मुठीत धरून मी. कट्ट्यावरची पोरं-म्हातारी सगळी अप्पांकडंच बघायला लागली.

"काय पावणं, पँट कुणाची मारलासा?" एकानं विचारलंच.

ह्यांनी मान खाली घातली.

"व्याह्यांचा आहेर हाय," अप्पा म्हणाले. "ट्रंकेत पडून हुती. म्हटलं, जरा वारं लागू दे." आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसले. ह्यांच्या लुंगीचं कुणी नावही काढलं नाही.

अप्पा रोज दुकान लवकर बंद करून एसटीनं चारपर्यंत येत. कट्ट्यावर चालून, दूध पिऊन, परत. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हा त्यांचा हट्ट. नवव्या की दहाव्या दिवशी कट्ट्यावर ह्यांनी हातातला दुधाचा ग्लास खाली ठेवला. "मामा, उद्या लुंगी नेसून या. दोघंबी लुंगीतच फिरू. बघू दे कुणाला बघायचं ते."

अप्पांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. दूध होतं की डोळे, मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर सळया निघाल्या. पँट चढत होती, इस्त्री पण करून ठेवली होती मी. तरी माझ्या माहेरी जाताना हे लुंगी नेसून एसटीत बसले. आईनं पंगत मांडली होती आणि अप्पांनी भिंतीकडेला एक खुर्ची आणून ठेवली होती, जावयाचा पाय वाकला नाही तर असावी म्हणून.

ह्यांनी खुर्चीकडं बघितलं. मग भिंतीला हात टेकून, दात आवळून, हळूहळू खाली बसले. गुडघा कुरकुरला. पाय दुमडला, आणखी दुमडला आणि मांडी बसली.

"मामा," हे म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला खुर्चीवर बसवलं."

अप्पांनी लुंगी आवरून ह्यांच्या शेजारी मांडी घातली. "जेवा आधी," म्हणाले, "भाकरी गार हुतीया."