नवाचा एक

रबर मारणाऱ्या माणसांची मला आजही किळस येते. रॅमची, म्हणजे कंप्युटरच्या मेमरीची, पट्टी बिघडली की काढायची, तिच्या सोनेरी कडेवर शाळेतलं खोडरबर घासायचं, फुंकर मारायची आणि परत खुपसायची. मशीन चालू झालं की "झालं काम!" रोह्यात मी ज्यांच्या दुकानात नोकरीला होतो, त्या शेठच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खोडरबर असायचंच. बरं, कड मळली असेल तर रबराने भागतंही. पण आतली चिपच मेली असेल तर रबर काय डोंबल करणार?

धाटावच्या एका केमिकल कंपनीत आम्हीच सर्व्हर जोडून दिला होता. त्यात रॅम साधी, घरच्या कंप्युटरला लावतात ती. "चालतंय रे, कोण बघतंय," शेठ म्हणाले आणि मी लावली. होय, माझ्याच हातांनी. लॅबचे सगळे आकडे त्या सर्व्हरवर जायचे. तो आला म्हणून तिथल्या साहेबांनी लॅबच्या वह्यासुद्धा बंद करून टाकल्या.

लॅबमध्ये एक बाई होत्या. धरमतरकडच्या मिठागरात राबणाऱ्या घरातल्या, त्या घरात पहिल्याच शिकलेल्या. मालातला ओलावा मोजायचा आणि आकडा कंप्युटरला टाकायचा, हे त्यांचं काम. एकदा ओला माल पास होऊन गेला आणि गिऱ्हाइकाकडून ढेकळं होऊन परत आला. रेकॉर्डला ओलावा एक टक्का. बाई म्हणाल्या, "मी नऊ टाकलेला. माझ्या डोळ्यासमोर हाय अजून." साहेबांनी चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवलं.

त्याच आठवड्यात सर्व्हर दोनदा अडकला, म्हणून मला बोलावणं आलं. भरवशाची मेमरी बसवून द्या म्हणाले. मी आधी जुनी रॅम तपासायला लावली. सकाळी लावलेली टेस्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत चुका दाखवणाऱ्या तांबड्या ओळींनी भरली. एका पट्टीत एका जागी आठाचा बिट, म्हणजे आकड्यातला आठ धरून ठेवणारा कण, टिकतच नव्हता. कंप्युटरच्या आत नऊ म्हणजे आठ आणि एक. आठ गळला की उरतो एक. माझ्या अंगावर काटा आला. बाई खरं बोलत होत्या!

साहेबांना दाखवलं. त्यांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "हे रिपोर्टात कशाला?" म्हणाले. शेठही आलेले. त्यांनी काय करावं? पट्टी काढली, खिशातलं रबर काढलं, माझ्यादेखत घासली आणि लावून मशीन चालू केलं. "बघा साहेब, चालतंय. नुसता मळ होता." साहेब हसले. चहा आला. शी! दोघांचं गूळपीठ बघून तिथे उभं राहवेना. पण राहिलो उभा, आणि चहाही प्यायलो.

मग नवी मेमरी बसवली. एखादा बिट चुकला तर स्वतःच पकडून सुधारणारी, वर त्याची नोंद ठेवणारी. शिवाय सेटिंग असं केलं की प्रत्येक गोष्ट दोन जागी लिहिली जाईल, एक जागा मेली तरी दुसरी आहेच. बत्तीस जीबी बसवली आणि स्क्रीनवर सोळाच दिसली, तसे साहेब भडकले, "अर्धी कुणी खाल्ली?" त्यांना समजावता समजावता नाकी नऊ आले. एवढं चोख काम मी आधी कधी केलं नव्हतं. आणि रिपोर्टात शेठनी सांगितलं तेच लिहिलं, जुन्या मेमरीत दोष आढळला नाही, फक्त क्षमता वाढवली. खाली माझी सही. नवीन लग्न, पेणला भाड्याची खोली, हातची नोकरी. कारणं काय, शोधायला बसलं की हवी तेवढी मिळतात.

पंधरा दिवसांनी जिते गावात एकाचा कंप्युटर बघून पेणला परतत होतो. स्टेशनात बाई दिसल्या. मी तोंड फिरवलं, पण त्या सरळ माझ्याकडेच आल्या.

"दादा, तुम्हीच मशीन खोललेलं ना? आत कायतरी गावलं का?"

फलाटावर जवळपास कुणी नव्हतं. शेठ नव्हते, साहेब नव्हते. खरं सांगायला कुणी अडवलं नव्हतं.

"नाय ताई," मी म्हटलं. "मशीन चांगलं होतं."

त्या रडतील, चिडतील, मला दोन शब्द सुनावतील असं वाटलं होतं. 

"व्हय?" म्हणाल्या. "मग माझंच डोकं फिरलं असंल. मला तो नऊ एवढा साफ आठवतो ना, दादा, म्हणून भांडत होते. उद्याच जाऊन चूक माझी म्हणून लिहून देते. बरं झालं तुम्ही भेटलात."

गाडी आली, माझीही तीच. त्या चढल्या. मला स्वतःचीच एवढी शिसारी आली की मी फलाटावरच राहिलो.