ताट न वाजवण्याचा हुकूम

लग्न होऊन मी आळंदच्या बाजूच्या त्या गावी गेले. गावाला एक ओढा होता आणि ओढ्याला दोन राज्यं होती. अलीकडं निजामाची मोगलाई, पलीकडं इंग्रजी मुलूख. आमच्या ह्यांची नोकरी निजामाच्या शेतकी खात्यात. महिन्यातले बरेच दिवस हे घोड्यावरून फिरतीला आणि मी घरात एकटी. गाव निम्मं कानडी बोलायचं, निम्मं मराठी. सरकारी माणसाच्या बायकोशी मात्र दोन्ही भाषांत कुणी बोलायचं नाही. मी पाणवठ्यावर पोचले की बायकांच्या गप्पा आटायच्या. सुरुवातीला मी सगळ्यांकडे बघून हसायची. पुढं तोंड दुखायला लागलं, म्हणून सोडून दिलं.

एकच घर माझं झालं, शेजारच्या धनगर अक्काचं. तिचा सासरा जन्मभर मेंढरांमागं हिंडला होता. नवऱ्यानं मेंढरं विकून ओढ्याकाठी काळ्या रानाचा एक तुकडा घेतला, त्यावर ती दोघं जगत. दुपारी अक्का माझ्या ओसरीवर वाकळ शिवत बसायची आणि मला कानडी शिकवायची. मी चुकले की पोट धरून हसायची. त्या हसण्यासाठी मी कितीदा मुद्दाम चुकत असे.

एका वर्षी हैदराबादेहून उर्दूत हुकूम आला. तो मला समजावून सांगताना हे नुसते फुलून गेले होते. टोळधाडीवर विचार करायला देशोदेशीच्या विद्वत्सभांनी आपापली शहाणी माणसं धाडली होती. ज्यांच्या सरकारांचं एकमेकांशी पटत नाही अशी माणसं एका मेजाभोवती बसली आणि सगळ्या सरकारांना त्यांनी मिळून एकच सल्ला दिला. टोळ हाकलू नका. हाकलल्यानं तो मरत नाही, शेजाऱ्याकडं जातो. उतरू द्या, उतरला की कळवा, आणि सकाळच्या गारठ्यात काकडून बसला असताना चर खणून त्यात लोटून पुरा.

"टोळाला राज्याची हद्द कळत नाही," हे म्हणाले. "म्हणून त्या लोकांनीही हद्द बाजूला ठेवली."

"बरं झालं, ते तरी एका मेजाशी बसले," मी म्हणाले. "मला इथं जेवायला सोबत कुणी नाही."

ह्यांना ते ऐकूच गेलं नाही. हे पुन्हा हुकूम वाचत होते.

आमच्याकडची रीत नेमकी उलटी. आभाळात टोळ दिसला की बायका माळवदावर चढून पितळी ताटं बडवायच्या आणि पुरुष रानात धूर करून ओरडायचे. थवा खाली उतरायचा नाही, पुढच्या गावावर जायचा. ते गाव त्याला आणखी पुढं ढकलायचं. ओढ्याच्या दोन काठांमध्ये ह्यावरून सोयरिकी मोडल्या होत्या. आता ताट वाजवायचं नाही, अशी दवंडी पिटली गेली. लोकांनी ऐकून घेतलं आणि घरोघर ताटं घासून ठेवली.

"लोक हुकमाकडं बघत नाहीत, माझ्या घराकडं बघतात," हे मला म्हणाले. "तू वाजवलंस, तर गाव वाजवील."

मार्गशीर्षात, ज्वारी पोटऱ्यात आली असताना, थवा आला. हे फिरतीवर होते. दिवस कलला होता. पलीकडं इंग्रजी मुलखात ताटांचा नुसता कल्लोळ चालला होता. हुकूम त्यांनाही असणारच, पाळला कुणी नव्हता. मी माळवदावर गेले तेव्हा गावातल्या सगळ्या बायका आपापल्या माळवदावर उभ्या होत्या, आणि आभाळ सोडून माझ्याकडं बघत होत्या. माझ्याही हातात ताट होतं. ते मी का उचललं, मला सांगता येणार नाही.

शेजारच्या माळवदावरून अक्का म्हणाली, "बाई, खाली यायलाय बघा. वाजवू का?"

मी पलीकडच्या काठाकडं बघत राहिले.

"गप कामून बसलाव? आमचं रान वड्यालाच हाय. पैलं तिथंच बसंल. तुमी एक डाव वाजवा, मंग समद्या वाजवतील."

"हुकूम आहे, अक्का. सकाळी मारता येतील."

"सकाळपतोर ऱ्हाईल काय? त्या शान्या लोकायचं रान हाय का हितं?"

मी ताट पोटाशी धरून उभी राहिले. कुणीच वाजवलं नाही. थवा अक्काच्या रानात उतरला. अंधार पडेपर्यंत खाण्याची कुरकुर माझ्या माळवदावर ऐकू येत होती.

सकाळी हे परतले. सगळं गाव राबलं, चर खणले गेले, टोळ फांद्यांनी लोटून पुरले. त्या थव्यातलं फारसं काही पुढं गेलं नाही. कल्याणीकडची गावं वाचली, थेट भालकीकडं माझं माहेर वाचलं. यंदा ज्वारी उत्तम आहे, असा भावाचा निरोपही आला. ह्यांना वरून शाबासकी मिळाली. मेजाभोवतीची माणसं खरी ठरली, आणि मला अजून राग आहे तो त्याचाच. खोटी ठरली असती, तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. ज्याच्या रानात टोळ उतरेल त्याचं काय, हे मात्र एवढ्या देशांच्या शहाण्यांत कुणालाही सुचलं नव्हतं.

अक्काचा नवरा पुन्हा दुसऱ्याची मेंढरं राखायला गेला. अक्का मजुरीला लागली. माझ्या ओसरीवर ती परत आली नाही. पाणवठ्यावर मी दिसले की घागर अर्धीच भरून निघून जायची. मी तिच्याशी दोन-तीनदा कानडीत बोलायला गेले, चुकलेही. ती हसली नाही. त्या घरात मी भिंतींशी बोलायला शिकले, आणि हे मी गमतीनं लिहीत नाही.

पुढं ह्यांची बिदरला बदली झाली. निघायच्या दिवशी ओटी भरायला कुणी येईल म्हणून मी बराच वेळ गाडी थांबवून धरली. कुणी आलं नाही. बैल वेशीपाशी पोचले आणि मागं एक ताट वाजलं. मग दुसरं. मग साऱ्या माळवदांवरून ताटं वाजायला लागली. आभाळ स्वच्छ होतं. हे गाडीवानाला म्हणाले, "जरा दामटा."

मी वळून पाहिलं. आमच्या रिकाम्या घराशेजारी अक्का माळवदावर उभी होती. ताट तिच्याही हातात होतं. तिनं ते पोटाशी धरलं होतं, आणि ती वाजवत नव्हती. गाडी वळेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मी रडले, पण बाकीच्या ताटांमुळं नाही.