मनगटाला झेपेल असा कॅमेरा

भोपाळला उतरल्यावर माझ्या थोरल्या भावाने, दादाने, आधी माझं उजवं मनगट दाबून पाहिलं. "दुखतं का गं?"

"छे!" मी ठोकून दिलं. गेल्या वर्षी ते मोडलं, तेव्हापासून भरलेला तांब्याही हातात थरथरतो. पण निवृत्तीनंतर पक्ष्यांचे फोटो काढायचे, हे मी शाळेत शिकवत असतानाच ठरवलं होतं. ते आता जमणार की नाही, याचीच मला धास्ती होती.

इंद्रपुरीत घरी पोचताच वहिनीने पोहे आणि जिलेबी एकाच बशीत दिली. इथे दोन्ही बरोबरच खातात. मीही खाऊन पाहिलं, आवडलं. मग तिघं कॅमेरा घ्यायला बिट्टन मार्केटला निघालो.

दुकानदाराने नवे, बिनआरशाचे कॅमेरे मांडले. मला मात्र डीएसएलआरच हवा होता. त्यात समोरचं खरंखुरं दृश्य आरशावरून थेट डोळ्यात येतं, याचं मला भारी कुतूहल. त्याने कपाटातून दोन काढले. "पहले पकड़कर देखिए, दीदी" (आधी हातात धरून बघा), तो म्हणाला.

दादाची हयात अवजड यंत्रांच्या कारखान्यात गेली. कुकर असो की कुलूप, तो हातावर तोलूनच घेतो. "शमे, याचं वजन बघ! हाच टिकेल."

"अहो, नाकापेक्षा मोती जड व्हायचा," वहिनी म्हणाली.

जड कॅमेरा डोळ्याला लावला, तर समोरचं शोकेस नाचायला लागलं. मी हलका घेतला. दादा तो जड कॅमेरा पुन्हा एकदा हातावर तोलून मगच दुकानाबाहेर पडला. मला वाईट वाटलं.

संध्याकाळी बडा तालाब (मोठं तळं) गाठला. काठाशी एका खुंटावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता. लांबचं भिंग लावलं आणि हलका कॅमेराही थरथरू लागला. एक फोटो पुसट, दुसराही पुसट. मी कॅमेरा खाली घेतला.

दादा पुढ्यात येऊन पाठमोरा बसला. "ठेव खांद्यावर. मी श्वास रोखतो. लवकर उरक, वय झालंय माझं!"

मी हसले, म्हणून आणखी एक बिघडला. पुढच्यात मात्र पीस न् पीस उमटलं.

परतीच्या गाडीत तो फोटो कितीदा पाहिला. सगळं एकटीने जमायला हवं, असा हट्ट धरून मी गेले होते. तसं जमलं नाही, आणि त्याचं दुःखही वाटेना.

शेजारच्या बाई डोकावल्या. "सुरेख आलाय हो! डाव्या कोपऱ्यात हे धूसर काय? कापून टाका तेवढं."

"तो माझ्या दादाचा कान आहे," मी म्हटलं.