कहरुब्याचा रंग

घरात आम्ही दखनी बोलतो, पण मी चौथीपर्यंत शिकले ती मराठी शाळेत. म्हणून लिहायचं ते मराठीतच. कुणाला दाखवायचं नाही.

माझे मालक सोलापुरात हातगाड्यावर अंगठीचे खडे आणि तसबी विकायचे. तसबी म्हणजे आमची जपाची माळ. ती ओवायचं काम माझं. लग्न होऊन आले तेव्हा मला सगळे पिवळे खडे सारखेच दिसायचे. त्यांनी शिकवलं. सुनेला नावाचा खडा फिका, पाण्यात पडलेल्या उन्हासारखा. पुखराज हळदीसारखा पिवळा. गोमेद तांबूस, कडक चहाचा. आणि कहरुबा पुखराज-गोमेदाच्या मधला, उजेडात धरलेल्या काकवीचा.

"ह्यो दगडच न्हाय," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. "झाडाचा डिंक हाय. गालाला लावून बघा. खडा गार लागतो, ह्यो लागत न्हाय." मोठी मोठी माणसं मणी गालाला लावून उभी राहायची. मी गाड्यामागं बसून पदराआड हसायचे.

गेल्या वर्षी त्यांचे डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, लिव्हरला गाठ आहे, उशीर झालाय. नणंदेला ते पटेना. वैरागकडच्या एका म्हाताऱ्याकडून तिनं काविळीची माळ आणली, ओल्या काड्या दोऱ्यात गुंफलेली. ती डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी माळ वाढते आणि गळ्यात येते म्हणतात.

माळ वाढली. कानांवर आली, गळ्यात आली, मग छातीवर. नणंद शेजारणींना बोलावून दाखवायची, "बघा की, लई उतरली." मी सगळ्यांना पाणी दिलं. माळा ओवण्यात माझा जन्म गेला. काड्या वाळल्या की बारीक होतात, दोरा सैल पडतो, माळ लांबते. मी त्यांचे डोळे बघत होते. आधी सुनेला होते, मग पुखराज, आणि आता कहरुबा.

एका दुपारी आम्ही दोघंच घरात होतो. ते म्हणाले, "आरशात मला नीट दिसंना. तू सांग, कंचा रंग?"

"सुनेला," मी म्हणाले. "फिका पडलाय."

ते माझ्याकडं बघत राहिले, मग हसले. "इतकी वर्सं शिकवलं, पर तुला रंग काय कळला न्हाय."

"मास्तर तुमीच होता की."

"व्हय," ते म्हणाले, आणि कुशीवर वळले. माझा हात मात्र सोडला नाही.

ते गेले त्या सकाळी, आंघोळ घालायला पुरुष मंडळी आत यायच्या आधी, मी त्यांच्या कपाळाला गाल लावला. रंग कहरुब्याचाच होता. गार लागलं.

माळ मी त्यांच्या गळ्यातून काढून खिळ्याला अडकवली. नणंद ती फेकून दे म्हणते. काल झाडताना पाहिलं, तिथंही ती वीतभर खाली आली आहे.