नमस्कार, भास्कर निकम

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. या फोरमवरचे जुने लोक मला ओळखतात. कोणाच्या घाटातल्या बाईच्या, कोणाच्या बंद खोलीतल्या आवाजाच्या धाग्यावर जाऊन "जेवण जड झालं असेल" असे प्रतिसाद टाकणारी ती मीच. त्याबद्दल माफी वगैरे मागणार नाहीये, कारण त्यातल्या अर्ध्या लोकांवर मला अजूनही शंका आहे. पण जे भर दुपारी, एसी चालू असलेल्या खोलीत, चार शहाण्यासुरत्या माणसांदेखत घडलं ते लिहिते. नावं बदलली आहेत. केस चालू आहे.

मी नाशिकला, अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन आहे. गाड्यांना लागणारे पत्र्याचे पार्ट आमच्याकडे बनतात. पत्रा दाबणाऱ्या मोठमोठ्या प्रेस आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी तर दुमजली घराएवढी. ती बिघडली की माणसाला तिच्या आत उतरून काम करावं लागतं. म्हणून परमिटची पद्धत. कंपनीच्या आतल्याआत चालणारं एक अ‍ॅप आहे, त्यात मेंटेनन्सचा माणूस परमिट उघडतो आणि मग आत उतरतो. परमिट उघडं असेपर्यंत प्रेस चालूच होत नाही. काम झालं की बाहेर येऊन त्यानेच ते बंद करायचं. बंद करताना अ‍ॅप विचारतं — 'आतील माणूस बाहेर आल्याची खात्री केली का?' 'हो' दाबलं की मशीन मोकळी.

आता हे अ‍ॅप कोणाला काय दाखवतं हे माणसागणिक ठरत नाही, ग्रुपवर ठरतं. मेंटेनन्स ग्रुपला फक्त परमिट उघडता-बंद करता येतं. प्रॉडक्शन हेडच्या ग्रुपला अहवाल मंजूर करता येतात, पण परमिटला हात लावता येत नाही. हे मी मुद्दाम भांडून तसं करून घेतलं होतं. ज्याला माल बाहेर काढायची घाई, त्याच्या हातात ते बटण नको!

पण आमच्या शॉप फ्लोअरवर पासवर्ड ही खाजगी गोष्ट आहे असं कोणी मानतच नाही. हात ग्रीसने बरबटलेले असतात, मग "ए, माझ्या नावाने टाक रे परमिट" असं लांबूनच ओरडायचं. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती केली, तर पठ्ठ्यांनी नवे पासवर्ड खडूने कंट्रोल पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहायला सुरुवात केली. मी ओलं फडकं घेऊन पुसायचे. दुसऱ्या दिवशी परत हजर. घसा बसला माझा बोंबलून.

त्यातला एक खडूवाला म्हणजे भास्कर निकम. चांदवडचा, मेंटेनन्समध्ये होता. मला ताई म्हणायचा. माझ्या स्कूटरचा आवाज गेटवर ऐकून "ताई, ब्रेक लागतोय धरून, चावी द्या" म्हणायचा आणि संध्याकाळपर्यंत गाडी नीट झालेली असायची. वर्षाचा कांदा त्याच्याकडूनच. "इकत आणू नका ताई, लाज वाटती मला." प्रेसच्या आत उतरायच्या आधी सगळ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडायचा — "आत चाललो रे!"

तो आत असताना प्रेस चालू झाली. एवढंच लिहिते.

परमिट बंद झालेलं होतं, आणि तेही निकमच्याच नावाने. प्रॉडक्शन हेड साळुंखे साहेबांनी चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की निकमने काम संपवून स्वतःच परमिट बंद केलं, मग आत पाना राहिला म्हणून कोणाला न सांगता परत उतरला. थोडक्यात, त्याचाच निष्काळजीपणा. कोणत्या कॉम्प्युटरवरून परमिट बंद झालं याची नोंद अ‍ॅप ठेवत नव्हतं. ती ठेवा म्हणून मी मागे लागले होते, तेव्हा "नंतर बघू मॅडम" म्हणणारे साळुंखेच.

त्या दिवशी माल अडकला होता. साळुंखे सकाळपासून प्रेसपाशी उभे राहून आरडाओरडा करत होते, हे सगळ्यांनी पाहिलेलं. जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली, निकम तेवढा आत होता, आणि पुढचं कोणी पाहिलेलं नाही. निकमला प्रेसमधून काढायच्या धावपळीतसुद्धा पॅनलच्या दाराची ती खडूची बाजू कोणीतरी पुसून चकाचक केली होती. मी नव्हती पुसली.

पुरावा शून्य. आणि मेलेल्या माणसाच्या माथी त्याचंच मरण मारून हे गृहस्थ केबिनमध्ये बसून चहा पीत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. रोज मनातल्या मनात शिव्या घालायचे. या माणसाचं वाटोळं व्हावं असं मला वाटत होतं, आणि हे लिहिताना मला लाजही वाटत नाही.

अहवाल पक्का व्हायला अ‍ॅपमध्ये त्यांची मंजुरी हवी होती. ती एकदा पडली की तोच कागद फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जाणार आणि निकमवरचा ठपका कायमचा. एके सकाळी साळुंखेंचा फोन आला.

"मॅडम, तुमचं अ‍ॅप मला परवानगी नाही म्हणतंय."

मी केबिनमध्ये गेले. त्यांनी माझ्यासमोर स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड टाकला. पान उघडलं. उजव्या कोपऱ्यात, जिथे लॉगिन केलेल्या माणसाचं नाव येतं, तिथे लिहिलं होतं — 'नमस्कार, भास्कर निकम'. खाली अहवालांचा पत्ताच नाही. मेंटेनन्सवाल्यांना दिसतं तेवढंच, परमिटचं पान.

"ही काय चेष्टा लावली आहे?" साळुंखे म्हणाले. आवाज चढलेला, पण नजर स्क्रीनवरून हलत नव्हती.

मला आधी वाटलं, जुनं काहीतरी अडकून राहिलंय. ग्रुप बदलले तरी अ‍ॅपला ते कळायला परत लॉगिन करावं लागतं, हे नेहमीचं. लॉग-आउट, लॉग-इन. तेच. ब्राउझर साफ केला, दुसरा कॉम्प्युटर घेतला, माझा लॅपटॉप दिला. तेच! सर्व्हरवर पाहिलं तर साळुंखे बरोबर प्रॉडक्शन हेडच्याच ग्रुपमध्ये. त्यांना ग्रुपमधून काढून परत घातलं. सर्व्हर बंद करून चालू केला. त्याच ग्रुपमध्ये एक खोटा युजर बनवून पाहिला, त्याला सगळे अहवाल छान दिसले. अख्ख्या कंपनीत कोणाला काही अडचण नव्हती. एकट्या साळुंखेंना अ‍ॅप निकम समजत होतं.

आणि निकमचं खातं? नियमाप्रमाणे मी स्वतः काढून टाकलं होतं. काढताना रडले होते, म्हणून पक्कं आठवतंय. कोपऱ्यातलं नाव अ‍ॅप सर्व्हरवरच्या खात्यावरून उचलतं, आणि त्या नावाचं खातंच तिथे नव्हतं.

साहजिकच संशय माझ्यावर आला. "तुमचं आणि निकमचं फार सख्य होतं, नाही का मॅडम?" असं साळुंखे सगळ्यांसमोर म्हणाले. माझे अधिकार काढून घेतले आणि पुण्याहून कन्सल्टंट बोलावला, कुलकर्णी म्हणून. शांत माणूस. त्याने अ‍ॅपचा कोड ओळ न ओळ वाचला, माझ्या लॅपटॉपची झडती घेतली आणि शेवटी कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला.

"मॅडम, खरं सांगा, काय केलंय तुम्ही? कोणाला नाही सांगणार. फक्त शिकायचंय मला."

"अहो, मला करता आलं असतं ना, तर मी केलंच असतं," मी म्हटलं. "पण हे मला जमणारं नाही."

तो हसला नाही. शेवटी त्याने साळुंखेंचं जुनं खातं काढून नवीन बनवलं, आणि काय आश्चर्य, चाललं! 'नमस्कार, साळुंखे', सगळे अहवाल समोर. साळुंखेंनी माझ्याकडे असं पाहिलं की चोर पकडलाच. माझे अधिकार परत मिळाले खरे, पण मी मनातून पार खचले. वाटलं, संपलं. सुटला हा.

त्याच दुपारी मालकांनी मीटिंग ठेवली. अहवाल निकमच्या बायकोसमोर वाचून दाखवायचा आणि तिथेच मंजूर करायचा, असा साळुंखेंचाच आग्रह. म्हणजे नंतर तिने काही कुरबुर करायला नको. रोहिणी वहिनी चांदवडहून दिरासोबत आल्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. मालक, सेफ्टी ऑफिसर, कुलकर्णी, आणि प्रोजेक्टर लावायला मी.

साळुंखे अगदी हळुवार आवाजात बोलत होते. "वहिनी, भास्कर आमचा चांगला माणूस होता. पण चूक माणसाकडूनच होते... त्याने परमिट स्वतः बंद केलं, सिस्टिममध्ये तशी नोंद आहे. सिस्टिम खोटं बोलत नाही." असं म्हणून त्यांनी लॉगिन केलं.

भिंतीवर, वीतभर अक्षरांत — 'नमस्कार, भास्कर निकम'.

खाली परमिटचं पान. मोठी प्रेस. काम चालू आहे. आत माणसं — एक.

आणि कोणी माउसला हात लावलेला नसताना त्यावर ती चौकट आली. 'आतील माणूस बाहेर आल्याची खात्री केली का?'

कुलकर्णी अर्धवट उठून उभा राहिला. मी माझ्या लॅपटॉपवर तेच परमिट उघडलं. माझ्याकडे ते केव्हाचं बंद झालेलं दिसत होतं. साळुंखे 'नाही'वर क्लिक करत होते, मग 'हो'वर, परत 'नाही'वर. चौकट जात नव्हती.

"बंद करा ते! मॅडम, बंद करा!"

मी जागची हलले नाही. मुद्दामच.

तेवढ्यात वहिनी बोलल्या. भिंतीकडे बघतच, अगदी साध्या आवाजात.

"साहेब, नाव-पासवर्ड तर तुम्ही टाकला ना? मग तिथं ह्यांचं नाव कसं काय आलं?"

साळुंखेंनी माउस सोडून दिला.

"म्हंजी दुसऱ्यानं बटन दाबलं तरी ह्यांचं नाव येतंय तिथं," त्या म्हणाल्या. मग भिंतीवरची नजर त्यांनी साळुंखेंवर आणली. "तवा बी तुम्हीच व्हते का?"

साळुंखेंचा चेहरा पांढराफटक पडला. ते मालकांकडे वळले. आणि मग जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"मला वाटलं तो जेवायला गेला असेल..."

वहिनी ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "डबा तर मशीनवरच व्हता त्यांचा. तसाच भरलेला आणून दिला मला." दीर उठून साळुंखेंच्या अंगावर धावला, त्याला सेफ्टी ऑफिसरने कवळ घालून धरलं. मालकांनी स्वतः पोलिसांना फोन केला. आणि मी? मला आनंद झाला. पोटातून, कडकडून आनंद झाला. असा आनंद वाईट असतो म्हणतात. असू दे.

तो अहवाल रद्द झाला. नव्या अहवालात निकमवर कसलाही ठपका नाही. त्याची प्रत मी स्वतः चांदवडला जाऊन वहिनींच्या हातात दिली.

मला वाटलं होतं आता हे थांबेल. कथांमध्ये सत्य बाहेर आलं की थांबतं. साळुंखेंनी जामिनावर सुटून सिन्नरला दुसरी नोकरी धरली. गेल्या आठवड्यात तिथल्या सिस्टिमवाल्या बाईंचा मला फोन आला. फार ओशाळून बोलत होत्या.

"मॅडम, आमचे नवे मॅनेजर तुमच्याकडे होते ना? काय होतंय, ते कशातही लॉगिन करू देत, नाव वेगळंच येतंय. आमच्याकडे या नावाचा माणूस कधीच नव्हता. ते तर कॉम्प्युटरला हात लावायलाही तयार नाहीत. भास्कर निकम कोण, काही कल्पना?"

तुम्ही सगळे इथे स्पष्टीकरण विचाराल म्हणून सांगते, तेव्हाही माझ्याकडे नव्हतं आणि आजही नाही. कुलकर्णी अजून मधूनमधून फोन करतो, त्यालाही सापडलेलं नाही. त्या बाईंना मी एवढंच विचारलं, "ग्रुप तपासलेत?"

"तपासले."

"लॉग-आउट करून परत?"

"केलं हो. नवीन खातंही करून झालं. आता काय करू?"

"काही करू नका," मी म्हटलं. "राहू द्या तसंच."