शेवटच्या भागाचं पहिलं पान

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. उंब्रजच्या वाचनालयात जादूई राज्याच्या मालिकेचा शेवटचा भाग आला, तो सगळ्यांआधी मी नेला. सहा भाग जपलेल्या राणीला लेखकानं शेवटी मारलं! पुस्तकावर शेरा मारायची आमच्याकडे खोडच. संतापून मी पहिल्याच पानावर लिहिलं, 'राणी मरते. वाचू नका.'

पुढचा नंबर माझ्या मित्राचा, निवृत्त सुभेदाराचा होता.

"कुणाचा रं ह्यो माज? दोन वर्सं वाट बघितली मी!" तो कडाडला.

"कॉलेजची पोरं, दुसरं कोण?" मी म्हणालो.

त्यानं पुस्तक तसंच आपटलं आणि वाचनालय कायमचं सोडलं. लेखकावरचा राग कधीच गेला. स्वतःवरचा अजून धुमसतोय. कितीदा त्याच्या घरी गेलो आणि भेकडासारखा नुसता चहा पिऊन परतलो. गेल्या महिन्यात तो वारला.

गड्या, ते मी लिहिलं होतं. माफ कर.